गोव्याला जायचंय? मग विमानानंच जा!

कापूस विकून, सोसायटीचं फेडून, कृषी केंद्रवाल्याचा हिशेब चुकता करून हातात काही उरलं असेल (उरलंय असं धरून चालू, नाहीतर लेख इथंच संपतो), तर यंदा लेकराबाळांना घेऊन गोव्याला विमानानंच जा. रेल्वेचं नाव काढू नका. रेल्वेनं जाऊन आलेल्याला पारावर कोणी विचारत नाही.

लोणच्याची बरणी हातातल्याच पिशवीत ठेवा. नागपूरला तपासणीत तेल दिसलं की ठेवून घेतात. तेवढंच ओझं कमी. खिशातला सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र ट्रेमध्ये टाका. ती बारकी पुडी पट्ट्यावरून एकटीच सरकत जाते, पलीकडचा जवान ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी निरखतो, तेव्हा आदबीनं म्हणावं, "साहेब, घोटून देऊ का?"

तिकीट काढताना फक्त 'गोवा' वाचायचं आणि पैसे भरायचे. बारीक अक्षरं चिंगूस माणसं वाचतात. गोव्यात विमानतळ दोन आहेत, हे तिथं पोचल्यावर कळलेलं बरं. दाबोळीचा पोर्तुगीजांनी बांधलेला, १९६१ नंतर आपल्या नौदलाकडं आला. दुसरा वर पेडण्यात, मोप्याच्या पठारावर, जानेवारी २०२३ पासून चालू. मध्ये ६० किलोमीटरच्या आसपास अंतर. नागपूर-भंडारा धरा.

माझ्या साळ्यानं हे तंतोतंत पाळलं. जाताना तिकिटावर मोप्याचं जीओएक्स होतं, येताना दाबोळीचं जीओआय. त्याला वाटलं, छापणाऱ्याची चूक. परतीच्या दिवशी तो ऐटीत मोप्याला जाऊन बसला, विमान दाबोळीहून. टॅक्सीवाल्यानं सांगितलेल्या भाड्यात आमच्याकडं बकरीची एक पाठ दाव्याला लागली असती. साळा म्हणाला, "भाऊ, मले गाडी इकत नाई घ्याची, बसून जाचं हाये."

टॅक्सीवाला पेडण्याचाच. त्याच्या काकाची काजूची झाडं विमानतळात गेली. "तुम्ही बसलात का विमानात?" साळ्यानं विचारलं. "नाय. सोडूक येतंय, न्हेवक येतंय." पुढं रस्ताभर गाडीत कोणी बोललं नाही. असल्या गोष्टी सहलीत मनावर घेऊ नयेत. सरळ झोपावं.

आणि आपल्या तालुक्यालाही विमानतळ मागाच. समुद्र नसला म्हणून काय झालं, सोयाबीन आहे. अमरावतीला बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान उडालं, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. आपल्याकडं विमान नंतर येतं, आधी पाटी येते: 'एअरपोर्ट टच प्लॉट, सुलभ हप्ते'. धुऱ्यावर पांढरी गाडी थांबली की सातबारा हातात घेऊनच बाहेर या, पाव्हण्याला ताटकळत ठेवू नये. पैसा आला की आधी चारचाकी घ्या. पुढं प्रवासी आणायला-सोडायला तीच कामी येईल. पेडण्याचा अनुभव आहेच. 'हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसेल' असं 'उडान' योजनेच्या वेळी सांगितलं होतं, तेव्हा चप्पल तेवढी जपून ठेवा.

साळ्याचं विमान शेवटी चुकलंच. दुसऱ्या दिवशी नवीन तिकीट काढून तो मुंबईवरून नागपूरला उतरला, तिथून एसटीनं फाट्यापर्यंत आला. गावात येणारी शेवटची गाडी निघून गेली होती. मग सामान डोक्यावर, पोरगं खांद्यावर, पोराच्या गळ्यात हवा भरलेलं पोहायचं चाक, अशी वरात अंधारात चार किलोमीटर चालत घरी.

सासरे ओट्यावर जागेच होते. म्हणाले, "कसा हाये बे समुद्र?"

"चांगला हाये बाबा. टॅक्सीतून दिसला."