बॉक्सिंगमध्ये पैसा आहे, पण कुणासाठी?

"एमएमए फायटरांनी सरळ बॉक्सिंगमध्ये उतरावं. तेच ठोसे, पैसे कितीतरी पट." एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, पकड सगळं चालणारी लढत. त्यातल्या मॅकग्रेगर आणि एन्गानू या दोन मोठ्या फायटरांची नावं घेऊन हा दावा सगळीकडे फिरतोय. त्या दोघांना घसघशीत पैसे मिळाले हे खरं, बाकी दावा लंगडा आहे.

आधी पैसे. २०१७ मध्ये बॉक्सर मेवेदरविरुद्ध मॅकग्रेगरचं जाहीर मानधन ३ कोटी डॉलर होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्याची पहिलीच लढत! नवख्याला एवढे पैसे कोण देतं? किंमत होती ती यूएफसीत (एमएमएच्या लढती भरवणारी सगळ्यात मोठी कंपनी) कमावलेल्या नावाची, आणि समोर ४९ लढती जिंकून एकही न हरलेला मेवेदर होता म्हणून. छोट्या हॉलमध्ये चार-चार फेऱ्या खेळणारे कितीतरी बॉक्सर दिवसा दुसरी नोकरी करतात. त्यांचे आकडे कुणी शेअर करत नाही.

"तेच ठोसे" हे तर साफ चूक. एमएमएत लाथ आणि पकड यांच्या धाकाने फायटर लांब उभा राहतो. खाली वाकून ठोसा चुकवायला गेला तर गुडघा तोंडावर येतो. बॉक्सिंगमध्ये ती भीती नाही, त्यामुळे अंतराचं सगळं गणितच बदलतं. ग्लोव्हजही जाड. मॅकग्रेगर सुरुवातीला बरा खेळला, मग दमला आणि दहाव्या फेरीत लढत थांबवावी लागली. एन्गानूने २०२३ मध्ये हेवीवेट बॉक्सर फ्युरीला खाली पाडलं, ती क्लिप सगळ्यांनी पाहिली (लढत तो थोडक्यात हरला). चार महिन्यांनी दुसरा बॉक्सर जोशुआ याने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं, ती क्लिप मात्र या दाव्यासोबत येत नाही.

आणि "सरळ उतरावं"? करारात अडकलेला फायटर सरळ कुठेच जाऊ शकत नाही. मॅकग्रेगर यूएफसीच्या संमतीने लढला, कंपनीनेही त्यातून कमावलं. एन्गानूला करार संपेपर्यंत थांबावं लागलं, यूएफसीचा हेवीवेट किताबही सोडावा लागला. त्याच किताबाच्या शेवटच्या बचावासाठी त्याचं जाहीर मानधन होतं ६ लाख डॉलर.

खरा फरक इथे आहे. अमेरिकेत २००० सालच्या मुहम्मद अली कायद्याने लढतीतून आपल्याला किती मिळणार हे प्रमोटरने, म्हणजे लढत भरवणाऱ्याने, बॉक्सरला सांगावं लागतं. एमएमएला तो कायदा लागू नाही. मक्तेदारीने मानधन दाबल्याचा फायटरांचा कोर्टातला एक दावा यूएफसीच्या मालकांनी ३७.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. एन्गानूने मात्र २०२३ मध्ये पीएफएल या दुसऱ्या कंपनीशी एमएमएचा करार करतानाच बॉक्सिंगची मोकळीक मागून घेतली होती.