‘साडेचारशे वर्षे अख्खा गोवा’? तसं नाही

‘1510 साली अल्बुकर्कने एकट्याच्या बळावर गोवा जिंकला आणि पुढची 451 वर्षे अख्खा गोवा पोर्तुगीजांकडे होता,’ असा मजकूर सध्या फिरतोय. यातलं साल तेवढं बरोबर आहे.

हा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क खरं तर तांबड्या समुद्राकडे निघाला होता. होन्नावरच्या तिमोजा या समुद्री सरदाराने त्याला गोव्याकडे वळवलं, स्वतःची माणसं दिली. गोवा तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता आणि अरबी घोड्यांच्या व्यापाराचं मोठं बंदर होता. विजयनगरलाही तेच घोडे हवे असायचे, म्हणून या बंदराचं मोल! पहिल्यांदा घेतलेलं शहर मे महिन्यात आदिलशाही फौजेने परत मिळवलं. पावसाळा अल्बुकर्कने मांडवीच्या मुखाशी जहाजांवर, उपासमारीत काढला. (हा भाग मेसेजवाले हमखास गाळतात.) 25 नोव्हेंबरला शहर पुन्हा पडलं.

हाती आलं ते मुख्यतः तिसवाडी, म्हणजे शहराभोवतीचा बेटांचा भाग. गोव्यातलेच बार्देश आणि साष्टी हे भाग 1543 मध्ये मिळाले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे ‘नव्या काबिजादी’ (नंतर जिंकलेले भाग) 1763 ते 1788 दरम्यानच्या. म्हणजे 1961 पर्यंत पेडण्यात पोर्तुगीज अंमल पावणेदोनशे वर्षांचाच भरतो.