जेल सनस्क्रीनला पर्याय कसे?
वनस्पतिजन्य द्रव्ये अतिसूक्ष्म कणांतून त्वचेत पोहोचवणारे नॅनोवाहक जेल लवकरच सनस्क्रीनची जागा घेईल, हे लेखातील विधान पटले नाही. सनस्क्रीनमधील घटकांनी त्वचेच्या पृष्ठभागावर राहूनच किरणे अडवायची असतात. याउलट लायपोसोमसारख्या (मेदद्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या) नॅनोवाहकांचे सारे कौशल्य क्वेर्सेटिन या वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंटसारखी, एरवी वरच्या थरातच अडकून पडणारी द्रव्ये आत पोहोचवण्यात आहे, जेणेकरून ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्हीए या अतिनील किरणांनी निर्माण केलेली मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तिथे निष्प्रभ व्हावीत आणि कोलॅजन या त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाची हानी कमी व्हावी. ही सनस्क्रीनच्या जोडीने करायची उपाययोजना झाली.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हे लेखात ओझरते आलेले गृहीतक तर अधिकच खटकले. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात बर्गाप्टेन हे प्रकाशाने सक्रिय होणारे रसायन असते. ते त्वचेवर असताना ऊन लागल्यास भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात.