टेंडरला आव्हान म्हणजे हरलेल्याचा कांगावा?

रस्त्याच्या किंवा पुलाच्या टेंडरला कुणी कोर्टात आव्हान दिलं की एक मजकूर हमखास फिरतो: ‘टेंडर ऑनलाइन आहे, रिंग होणारच कशी? सगळ्यांत कमी दर भरणाऱ्यालाच काम मिळालं. लेखी पुरावा कुणाकडेच नाही. हरलेल्या ठेकेदारांना फक्त स्टे आणून काम अडवायचंय.’

रिंग म्हणजे ठेकेदारांनी आपसात आधीच ठरवून बोली भरणं. ऑनलाइनचं आधी. पोर्टल दर उघडेपर्यंत झाकून ठेवतं, पण ते दर तिघांनी आधीच एकत्र बसून ठरवले असतील तर पोर्टलला काय कळणार? उलट यंत्र माग ठेवतं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत वेगवेगळ्या नावांच्या बोली एकाच आयपी पत्त्यावरून भरल्याचं निघालं आणि २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या संगनमतावर कारवाई करणारी केंद्रीय संस्था) संगनमतावर शिक्कामोर्तब केलं. ही तक्रार कुणा ठेकेदाराने नव्हे, नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या नागरिकांच्या संघटनेने केली होती.

कमी दराचा मुद्दा तर अगदीच लंगडा. रिंगमध्येही एल-१, म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणारा, असतोच. बाकीचे त्याच्यासाठी मुद्दाम चढे दर भरतात. इंग्लंडमध्ये २००९ साली १०३ बांधकाम कंपन्यांना प्रामुख्याने अशाच डमी बोलींसाठी एकूण सुमारे १२ कोटी ९५ लाख पौंडांचा दंड झाला. (पुढे अपिलात अनेकांचा दंड बराच उतरला.)

लेखी पुराव्याची अट मात्र कुठून आली, हे कोडंच आहे. स्पर्धा कायदा, २००२ नुसार ‘करार’ लेखी असावाच लागत नाही, आपसातली समजूतही पुरते. बोलींमधलं संगनमत सिद्ध झालं की स्पर्धेला बाधा आली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी बोलीदारांवर जाते. भारतीय अन्न महामंडळाच्या धान्यातली कीड मारायच्या गोळ्यांच्या २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी नेमका ३८८ रुपये किलो हाच दर भरला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्यावर संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. पण सारखा दर दिसला की रिंग, असंही नाही. गॅस सिलिंडरच्या प्रकरणात २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने मोजकेच खरेदीदार असलेल्या बाजारात दर सारखे येऊ शकतात म्हणत कंपन्यांना सोडलं.

राहिला स्टे. यात तथ्य आहे: हरलेले बोलीदार राईचा पर्वत करतात, असं सर्वोच्च न्यायालयानेच २००६ मध्ये जगदीश मंडल खटल्यात नोंदवलंय. म्हणूनच स्टे सहज मिळत नाही. पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाई हुकूम देऊ नये, हे २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यातच आलं.

खरी गफलत वेगळीच आहे. रिट याचिकेत (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत) उच्च न्यायालय बघतं ते निविदा काढणाऱ्या खात्याचं वागणं: मनमानी झाली का, कुणाला झुकतं माप दिलं का. बोलीदारांनी आपसात काय शिजवलं, याची चौकशी स्पर्धा आयोगाचा महासंचालक करतो. रिट फेटाळली म्हणजे ‘रिंग नव्हतीच’ असं शिक्कामोर्तब झालं, हा अर्थ निकालात नसतो. आयोगाकडे कुणीही जाऊ शकतं, बोलीदार असण्याची अट नाही. फक्त २०२३ च्या दुरुस्तीनुसार प्रकार घडल्यापासून तीन वर्षांत जावं लागतं. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवावं लागतं.