काका, तो ‘एक तास’ नक्की कुठून कुठे मोजलात?

गणपतीची तिकिटं काढायची वेळ झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून येतो. मजकूर साधारण असा : ‘मुंबई-गोवा विमानाने एक तास. तिकीट फक्त 2,500, म्हणजे रेल्वेच्या एसीइतकंच. वेटिंगची कटकट नाही. तरी लोक कोकणकन्येत बारा तास का घालवतात?’ यंदा तो खुद्द धाकट्या काकांनी पाठवलाय. उत्तर देणं भाग आहे.

आधी तो एक तास. आम्ही राहतो डोंबिवलीत. घरातून मुंबई विमानतळ दीड तास, तोही रस्ता मोकळा मिळाला तर. बॅगा घेणारा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, त्यामुळे दोन तास आधी पोचायचं. उड्डाण सव्वा तास. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर पट्ट्यावर बॅगांची वाट बघण्यात अर्धा तास. झाले सव्वापाच, आणि आपण अजून विमानतळाच्या दारातच उभे. तिथून मडगाव साठेक किलोमीटर, आणखी दीड तास. एकूण पावणेसात.

वंदे भारत सीएसएमटीहून मडगावला पावणेआठ तासांत जाते. आम्हाला तर मडगावलाही जायचं नसतं. गाव कणकवलीजवळ. म्हणजे विमानाने गाव ओलांडून पुढे जायचं आणि टॅक्सीला पैसे मोजून मागे यायचं! उलट ठाण्याला सहाच्या सुमारास वंदे भारतमध्ये बसलेला माणूस जेवणाआधी कणकवलीत असतो.

इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी ठेवते, तेव्हा हीच वंदे भारत मडगावला जवळपास दहा तास घेते. गणपती नेमके त्याच काळात येतात. अंधेरीत राहणारा एकटा माणूस उत्तर गोव्यात मोरजीला निघाला असेल तर त्याने खुशाल विमानाने जावं.

पण कोकणकन्येचे बारा तास मी मोजतच नाही. रात्री अकरा-बाराला चढायचं, चादर ओढायची, जाग येते तेव्हा खिडकीबाहेर लाल माती. ती रात्र घरी काढली असती तरी झोपण्यातच गेली असती. पहाटेच्या विमानासाठी मात्र तीनला उठावं लागतं, ते तास फॉरवर्डमध्ये कुठे दिसत नाहीत.

आता पैसे. काकांचा 2,500 चा आकडाच धरू. आम्ही तिघं मोठे आणि चार वर्षांची मुलगी. विमानात दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं तिकीट लागतं, तेही जवळजवळ मोठ्यांइतकं. म्हणजे दहा हजार, शिवाय दोन्हीकडच्या टॅक्सी. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीटच नाही. थर्ड एसी माणशी बाराशेच्या आसपास, म्हणजे तिघांचे 3,600. ‘एसीइतकंच’ कुठल्या एसीइतकं, हे काकांनी सांगावं.

हा समज येतो कुठून, तेही उघड आहे. 2016 पासून राजधानी-दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागलं, बर्थ भरत जातात तसं भाडं चढतं. दिल्लीला जाताना ते कधीकधी विमानाच्या जवळ पोचतं, आणि तिथे पंधरा-सोळा तासांसमोर दोन-सव्वादोन तासांचं उड्डाण आहे. दिल्लीला मीही विमानानेच जातो. कोकणकन्या, मांडवी या कोकणातल्या गाड्यांना फ्लेक्सी नाही.

वेटिंगचं म्हणणं खरं आहे. साठ दिवस आधी खिडकी उघडते आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. पण त्याच तारखांना विमानाचं भाडं 2,500 वर थांबतं का? विमानातही जागा भरतात तसं भाडं चढतंच. सीट मिळते, पण घेववत नाही.

राहिलं सामान. विमानात साधारण 15 किलो, वर हातात सात. थर्ड एसीत 40. गावाहून परत येताना तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकम आणि काकू जबरदस्तीने भरते ते सुकं खोबरं. ते तर विमानात नेऊच देत नाहीत, तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. काका, तुम्ही विमानानेच या. खोबरं आम्ही आणतो.