हार्टबीट काढलं म्हणजे तुमचे रिसोर्स गेले असं नाही (खुलासा)

दोन दिवस एक मेसेज फिरतोय की पेसमेकर २ (अनेक सर्व्हर एकत्र क्लस्टर म्हणून चालवणारं सॉफ्टवेअर) मधून हार्टबीट काढून टाकलंय, त्यामुळे अपग्रेडच्या आधी हार्टबीट नाव असलेले सगळे रिसोर्स (क्लस्टर सांभाळतो त्या सेवा, आयपी वगैरे) डिलीट करून नव्याने बनवा. मंडळी, प्लीज असं करू नका, चांगला चालू क्लस्टर उगाच बंद पडेल.

२०१८ मध्ये २.० आलं तेव्हा सपोर्ट गेला तो हार्टबीट नावाच्या जुन्या मेसेजिंग लेयरचा, म्हणजे ज्याच्यावरून नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) एकमेकांना मी जिवंत आहे असं कळवायचे त्याचा, आणि सोबत त्याच कामाच्या कोरोसिंक १ आणि सीमॅनचा. कॉन्फिगमध्ये जे 'ओसीएफ:हार्टबीट:आयपीअ‍ॅडर२' दिसतं (व्हर्च्युअल आयपी, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्यावर जाऊ शकणारा पत्ता, सांभाळणारी स्क्रिप्ट) त्यातलं हार्टबीट हे नुसतं प्रोव्हायडरचं, म्हणजे स्क्रिप्टच्या गटाचं, नाव आहे, जुन्या काळी पडलेलं आणि तसंच राहिलेलं, ती स्क्रिप्ट येते रिसोर्स-एजंट्स या वेगळ्याच पॅकेजमधून. खात्रीसाठी काल मी आमच्या टेस्टच्या दोन नोडवर, पेसमेकर २ वरच, आरपीएमला (पॅकेज सांभाळणारं टूल) विचारलं या स्क्रिप्टची फाइल कोणत्या पॅकेजची, तर उत्तर रिसोर्स-एजंट्स, मग एक नोड स्टँडबायला टाकला (कामातून तात्पुरता बाजूला काढला) आणि व्हर्च्युअल आयपी नीट दुसऱ्यावर गेला.

काळजी कोणी करायची? ज्यांचा क्लस्टर अजून खरंच हार्टबीट किंवा सीमॅनवर उभा आहे, जसं रेड हॅट ६ वाले जुने सेटअप. त्यांना आधी कोरोसिंक २ किंवा पुढच्यावर जावंच लागेल.

तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा, कोणीतरी आज रात्रीच मेंटेनन्स विंडो घेऊन बसलं असेल.