खरखर काढायच्या नादात 'शे' घालवू नका

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एक मेसेज मला चार जणांनी पाठवला. दोन अमळनेरचे, एक चोपड्याचा, एक पुण्यात असलेल्या भाचीचा. मजकूर असा: 'जुन्या कॅसेटची खरखर घरच्या घरी घालवा. कॅसेट रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बुरशी असेल तर उन्हात वाळवा. हेड सॅनिटायझरने पुसा. डॉल्बीचं बटण दाबा. मोबाइलच्या ॲपने आवाज स्वच्छ करून एमपीथ्री बनवा आणि कॅसेट भंगारात द्या, नाहीतरी तिचं आयुष्य दहा वर्षांचंच.'

आपल्या खानदेशातल्या कपाटांत आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाई देवीच्या रात्रीची गाणी, आजीच्या ओव्या अशा कॅसेट पडून आहेत. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दहा वर्षांच्या आयुष्याची गोष्ट आधी. माझ्या मामांनी १९८६ साली भरलेली साठ मिनिटांची कॅसेट आजही वाजते. खरखर ऐकू आली म्हणजे टेप मेली, हा समजच चुकीचा आहे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणं टिपायला. पट्टी चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि चाल सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्या अरुंद, एवढ्या हळू सरकणाऱ्या पट्टीवर चुंबकीय कणांचा 'सूंऽऽ' आवाज येणारच. कोऱ्या, नव्या कॅसेटवरही तो असतो.

फ्रीजचा सल्ला सरळ नुकसान करणारा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. अशा हवेत गार कॅसेट बाहेर काढली की पाण्याच्या ग्लासावर धरतो तसा दव तिच्यावर धरतो, आतल्या पट्टीवरसुद्धा. आणि बुरशीला ओलच हवी असते.

ऊन तर त्याहून वाईट. कवच वाकतं, पट्टी अडकते. शिवाय उष्णतेने गुंडाळीतल्या एका वेढ्याची छाप शेजारच्या वेढ्यावर अधिक उमटते. मग ओळ सुरू व्हायच्या आधीच ती लांबून पुटपुटल्यासारखी ऐकू येते, आणि लोक म्हणतात, टेपमध्ये भूत शिरलं. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली तर ही छाप थोडी कमी होते. पत्र्याखालच्या माळ्यावर आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कॅसेट ठेवू नका. धाब्याच्या घरातली आतली खोली उत्तम. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवूच नका, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

हेड, म्हणजे टेपरेकॉर्डरचा पट्टी वाचणारा भाग, पुसायलाच हवं, एवढं मेसेजचं बरोबर आहे. पण सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन किंवा जेल असतं, त्याचा थर हेडवर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापसाच्या काडीला लावा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत पुसा आणि वाळू द्या. रॉकेल-पेट्रोल तर जवळही आणू नका.

डॉल्बीचं बटण म्हणजे मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे. ते खरखर कमी करायचं, पण दोन टोकांचं काम आहे. भरताना बारीक उंच आवाज वाढवून भरायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे. त्यासोबत खरखरही खाली येते, 'डॉल्बी बी' हा प्रकार असेल तर सुमारे दहा डेसिबलने. मामांच्या साध्या टेपरेकॉर्डरला डॉल्बी नव्हती. अशी कॅसेट बटण दाबून वाजवली तर खरखर कमी वाटते खरी, पण गाण्याची धारही जाते.

मंद, गोधडीखालून आल्यासारखा आवाज असेल तर बहुतेक वेळा दोष हेडच्या तिरपेपणाचा असतो. भरताना हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात वाजवतानाही हवं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवरचा छोटा स्क्रू असतो. आधी त्याची जागा मार्करने खुणावून ठेवा, मग 'स' ऐकत केसभर फिरवा. एका जागी आवाज एकदम उघडतो, पडदा सरकल्यासारखा. मामांच्या कॅसेटवर असा पडदा सरकला तेव्हा झोक्याच्या दोरांची करकर ऐकू आली. तोवर मला वाटत होतं, गाण्याला ठेका नाहीच. ठेका झोका देत होता! ज्या मशीनवर भरलं तेच घरात असेल, तर विकू नका.

आता ॲप, आणि इथे मला खरोखर राग येतो. खरखर जिथे कानाला जास्त बोचते, त्याच उंच पट्ट्यात आपले स आणि श असतात. ॲपला दोन्ही सारखेच. अहिराणीत तर 'आहे'साठी 'शे' म्हणतो, दर दुसऱ्या वाक्यात. भाचीने त्याच कॅसेटची ॲपमधून काढलेली फाइल पाठवली. झोक्याची करकर गेली, 'शे'चा 'ए' झाला, आणि बायांचे आवाज नळाखाली बसून गायल्यासारखे बुडबुडले.

आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे दात मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणार नाही. मग काहीही न काढता २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करा आणि तिला हात लावू नका. खरखर कमी करायची ती तिच्या प्रतीवर. ऑडॅसिटी या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखरीचा नमुना घ्या तो कोणी गात नसतानाच्या दोन सेकंदांचा, आणि सहा-आठ डेसिबलवर थांबा. काय काढलं गेलं, तेही ऐकता येतं. त्यात गाणं ऐकू आलं तर जास्त कापलंत.

आणि भंगार? ती झोक्यावर गाणारी एक मावशी अजून धरणगावला आहे. आधी भाचीची स्वच्छ फाइल लावली. मावशीने दोनदा विचारलं, "हाई कोन शे?" मग खरखरीसकट मूळ कॅसेट लावली. पहिल्या कडव्यातच तिने पाच जणींची नावं घेतली, त्यांत स्वतःचंही. ती नावं त्याच कॅसेटच्या कव्हरवर, मामांच्या अक्षराखाली, मी तिथेच बसून लिहिली.